पाटी, पडदा आणि आपलं बीड

जुनी दुकानं आणि जुन्या टॉकीजचा विषय निघाला की लोक "काय दिवस होते ते!" म्हणून सुस्कारा टाकतात. मीही टाकतो. पण नुसत्या सुस्काऱ्याने काय होणार? त्या दुकानांनी आणि टॉकीजनी आपल्याला काय दिलं, आणि त्यातलं काय सांभाळून ठेवायला हवं, हेही बोललं पाहिजे. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. त्यामुळे माझ्या आठवणी अक्षरांपासून सुरू होतात.

कारंजा, बशीरगंज, सुभाष रोड, धोंडीपुरा. अब्बांचं बोट धरून या भागातून फिरताना मी पाट्या वाचायचो. कुठे मराठी, कुठे उर्दू, कुठे दोन्ही. एक भाषा डावीकडून वाचायची, दुसरी उजवीकडून. मधे दुकानदार बसलेला. पोराला याची गंमत वाटायची, नवल वाटायचं नाही. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा हैदराबाद संस्थानात होता. कारभार उर्दूत, शेजारपाजाराची बोली मराठी. त्यामुळे उर्दू सफाईने वाचणारे हिंदू व्यापारी आणि अस्सल मराठीत भाव करणारे मुसलमान कारागीर, हे इथलं रोजचं दृश्य होतं. बीडचं नाव एकेकाळी चामड्याच्या छागलीसाठी दूरवर गेलेलं होतं. उन्हात गार पाणी देणारी ती छागल घेताना ती कुणाच्या हातची आहे, हे कोण विचारणार?

दुकान चालायचं ते उधारीच्या वहीवर. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळीच्या आसपास माणसं बिऱ्हाड घेऊन कारखान्यांकडे निघायची. मुकादमाकडून उचल मिळाली की आधी किराणा दुकानदाराची बाकी फिटायची आणि मग प्रवासाची ज्वारी, चटणी, मीठ भरलं जायचं. उन्हाळ्यात परत आले की पुन्हा नवं पान. सहा महिने गावात नसणाऱ्या माणसाला उधार देणं म्हणजे काय, ते ज्याचं दुकान आहे त्यालाच कळेल. त्या वहीत जात लिहिलेली नसायची, असं मी म्हणणार नाही, आडनावं होतीच. पण आडनाव बघून उधार बंद केली तर दुकानच बंद पडेल, एवढं शहाणपण मात्र प्रत्येक दुकानदाराकडे होतं.

वर्गात मी मुलांना एक खेळ देतो. दुकानातले शब्द सांगा. दुकान, बाजार, तराजू, हिशेब, जमा, खर्च, बाकी, वसूल, नफा, नुकसान, दलाल. सगळे शब्द सांगून झाले की मी म्हणतो, हे सारे अरबी-फारसीतून आले आणि मराठी झाले. मुलं चकित होतात. मग उलटा प्रश्न. आपल्या घरातल्या दखनीत आपण "नक्को" म्हणतो, बोलण्यावर जोर द्यायला शब्दाला "च" जोडतो, हे कुठून आलं? मराठीतून. देणंघेणं दोन्हीकडून झालं. ते विद्यापीठात ठरलं नाही, दुकानाच्या फळीवर घासाघीस करताना झालं.

टॉकीज म्हणजे तीच फळी, अंधारातली. पोस्टरवर सिनेमाचं नाव तीन लिप्यांत असायचं. पडदा उजळला की नाव इंग्रजीत, हिंदीत आणि उर्दूत यायचं. शेजारी बसलेला मित्र देवनागरी वाचायचा, मी उर्दू, आणि आधी कोण वाचतो याची पैज लागायची. ईदची नमाज, शीरखुर्मा आणि मग दुपारचा शो, हा आमचा ठरलेला कार्यक्रम. रांगेत सगळ्या मोहल्ल्यांतली पोरं. १९९१ मध्ये 'माहेरची साडी' आला तेव्हा मोहल्ल्यातल्या बायकाही गेल्या. अम्मी परतल्या तेव्हा डोळे सुजलेले होते. सासुरवास समजायला त्यांना भाषांतर लागलं नाही. थर्डच्या बाकावर रुमाल टाकून जागा धरताना शेजारी कोण येणार, हे आपल्या हातात नसायचं. टॉकीजची खरी करामत हीच होती.

मग केबल आली, सीडी आली, मोबाइल आला. एका पडद्याच्या टॉकीज गावोगाव बंद पडल्या. याबद्दल मी कुणाला दोष देत नाही. धंदा बदलतो, लोक सोय बघतात. मीही घरी बसून सिनेमा बघतो. काळजी वाटते ती वेगळ्या गोष्टीची. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीनंतर याच जिल्ह्यात, अमक्या समाजाच्या दुकानातून काही घेऊ नका, अशी भाषा ऐकू आली. ती मराठा आणि ओबीसी बांधवांमधल्या तणावातून आली होती. मुसलमान दुकानदारांबद्दल असं बोललेलं आपण आधीपासून ऐकत आलो आहोत. आज ज्याचं दुकान टाळलं जातं तो उद्या दुसऱ्याचं टाळतो. अशाने कुणाचाच गल्ला भरत नाही, पण बाजार मात्र तुटतो.

पाट्यांचंही तसंच. दुकानावर मराठी पाटी ठळक असावी, हा सरकारचा नियम मला मनापासून मान्य आहे. मराठी माझीही भाषा आहे. पण तिच्याखाली उर्दूची एक ओळ असली तर मराठीचं काय कमी होतं? अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीबरोबर उर्दूही होती. ती काढण्यासाठी प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. १५ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने उर्दू कायम ठेवली आणि भाषा म्हणजे धर्म नव्हे, असं स्पष्ट सांगितलं. बीडच्या जुन्या दुकानदाराला हे सांगायला न्यायालय लागलं नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं साधं आहे. जुनी पाटी उतरवण्याआधी तिचा एक फोटो काढून ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, कोणतं दुकान कुठे होतं, कुणाची उधारी कुणाकडे होती, पहिला सिनेमा कुणाबरोबर पाहिला. शाळांनी मुलांकडून हे लिहून घ्यावं, उर्दू शाळांनी मराठीत आणि मराठी शाळांनी मिळालं तर उर्दू शब्दांसकट. आणि सगळ्यात महत्त्वाचं, महिन्याचं एक तरी सामान आपल्या मोहल्ल्याबाहेरच्या दुकानातून घ्या. दोन शब्द बोला, भाव करा, चहा दिला तर प्या. टॉकीज परत येणार नाहीत. पण अनोळखी माणसाशेजारी बसायची सवय ठेवली तर ठेवता येते.