सभा टोळ्या जायच्या आधी घ्या

पहिलीपासून हिंदीचा निर्णय सरकारनं १६ एप्रिल २०२५ला काढला, २९ जूनला मागं घेतला अन् मग डॉ. नरेंद्र जाधव समिती नेमली. आधी निर्णय, मग विचारणा!

पण आपल्या नांदूरघाटकडं तर विचारायला पालकच जागेवर नसतात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २१ : जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक पाहिजेत. कागदावर झकास. दिवाळी झाली की टोळ्या कारखान्याला. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघंही गेले. लेकरं आजीपाशी, अन् आजीला सभेचं बोलावणं नाही. मग शाळेचा आराखडा ठरवतं कोण?

मुख्याध्यापकांनो, दसऱ्याआधीची तारीख कळवा. गावच्या ग्रुपवर मी टाकतो.