विद्येची शप्पथ



या वेळच्या टपालात एक पत्र वाटूरहून आलं. जालना जिल्ह्यातलं वाटूर. लिहिणारा मुलगा आठवीत आहे. वहीचं पान फाडून लिहिलंय आणि वर दोनदा रेघ मारून बजावलंय, ‘नाव छापू नये.’ नाव छापत नाही. ओळखीच्या खुणाही बदलल्या आहेत, तेव्हा वाटूरकरांनी ‘कोण बरं हा?’ म्हणून शोध घेत बसू नये. त्याला मी वेगळं उत्तर लगेच धाडलंय, कारण अशा गोष्टीला अंक निघेपर्यंत थांबता येत नाही. तरी इथे पुन्हा लिहिते. असं पत्र एकट्याचं नसतं.

त्याच्या बाकावरच्या मित्राचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. मित्र चुलत्याकडे राहतो. चुलता पिऊन आला की पट्ट्यानं मारतो. एकदा शर्ट बदलताना पाठीवरचे वळ दिसले, तेव्हा मित्रानं सगळं सांगितलं आणि लगेच विद्येची शप्पथ घातली, कुणाला सांगायचं नाही! पुढे चारच दिवसांनी याच मित्रानं आपल्या पत्रलेखकाच्या बारक्या भावाला नळावर ढकललं. ओठ फुटला. पत्रात पुढे आहे, ‘मी त्याच्याशी बोलणं सोडलं. पण रात्री झोप येत नाही. शप्पथ मोडली तर मी नापास होईन का?’

आधी शपथेचं सांगते. नाही होणार नापास!

हे मी कशावरून सांगते? मी शाळेत असताना माझ्या एका मैत्रिणीनं मला अशीच शप्पथ घातली होती. घरातला एक मोठा माणूस तिला त्रास देत होता. मी शप्पथ पाळली. अगदी आईलासुद्धा सांगितलं नाही. त्या वर्षी माझा वर्गात पहिला नंबर आला. ती मात्र दिवाळीच्या सुटीनंतर शाळेत आलीच नाही. तिचं पुढे काय झालं, मला आजही ठाऊक नाही.

म्हणून सांगते, जी शप्पथ एखाद्याला मार खायला एकटं सोडते, ती शप्पथच नव्हे. मोडायची. फक्त त्याच्या पाठीमागे नाही. आधी त्याला सांगायचं, ‘हे मी बाईंना सांगणार आहे, तूही चल.’ तो चिडेल, कदाचित कट्टी घेईल. घेऊ दे.

आता भावाला ढकलल्याचं. ते चूकच, आणि तसं त्याला तोंडावर सांगायला हरकत नाही. पण ज्याला घरी रोज मार बसतो, त्याच्या आत राग साठतो. चुलत्यावर तो निघू शकत नाही, मग आपल्याहून बारक्यावर निघतो. याचा अर्थ मार खाल्लेलं प्रत्येक मूल मारकुटंच होतं असा मुळीच नाही. सिंधुताई सपकाळांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. १९४८ साली वर्धा जिल्ह्यात जन्मल्या. घरात नकोशी मुलगी, म्हणून नाव काय, तर चिंधी! चौथीपर्यंत शाळा, आणि खेळायच्या वयात त्यांच्याहून कितीतरी मोठ्या माणसाशी लग्न. पुढे नवऱ्यानं मारून घराबाहेर काढलं, तेव्हा दिवस भरत आले होते. गोठ्यात मुलगी झाली. रेल्वेत गाणी म्हणून भीक मागितली, आणि मिळालेलं स्टेशनवरच्या इतर भुकेल्यांबरोबर वाटून खाल्लं. पुढे त्या शेकडो अनाथ मुलांच्या माई झाल्या. २०२१ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली, २०२२च्या जानेवारीत त्या गेल्या.

त्यांच्या गोष्टीतला एक भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. म्हातारपणी नवरा त्यांच्याकडे आला. त्यांनी त्याला ठेवून घेतलं, पण सांगितलं, आता मी तुमची बायको नाही, आई आहे; लेकरू म्हणून राहा. ही अट त्यांनी स्वतः घातली, आणि तीही पायावर भक्कम उभं राहिल्यावर. तेव्हा कुणी तुमच्या मित्राला लगेच ‘जाऊ दे, माफ कर, चुलताच आहे’ असं म्हणू लागलं, तर खुशाल दुर्लक्ष करा. माफी म्हणजे गृहपाठ नव्हे.

दुसऱ्याचं मन ओळखणं शिकता येतं का? कॅनडातल्या टोरांटोत मेरी गॉर्डन नावाच्या बाईंनी १९९६ पासून एक गमतीचा वर्ग सुरू केला. वर्षभरात काही वेळा एक आई आपलं तान्हं बाळ घेऊन शाळेत येते. मुलं हिरव्या चादरीभोवती बसतात आणि बाळ का रडलं, का हसलं, ते ओळखतात. त्यांनी एका दांडगट मुलाची हकिकत सांगितली आहे. लहानपणी त्याच्या डोळ्यांदेखत आईचा खून झाला होता, नंतर तो या घरातून त्या घरात वाढला. एके दिवशी त्यानं ते बाळ मागून घेतलं, छातीशी धरलं, कोपऱ्यात नेऊन डोलवलं. परत देताना विचारलं, ज्याच्यावर कुणी माया केली नाही, तो चांगला बाप होऊ शकेल का?

त्या मुलाला कुणीतरी बाळ धरू दिलं, म्हणून तो हा प्रश्न विचारू शकला.

तर, वाटूरच्या मित्रा, पुन्हा त्याच्या शेजारी बस. खोदून खोदून विचारू नकोस, वळ दाखव म्हणू नकोस. मग दोघं मिळून ज्या बाईंवर किंवा सरांवर विश्वास आहे, त्यांच्याकडे जा. त्यांनी ‘घरचा मामला आहे’ म्हणून टाळलं, तर तुझ्या आईकडे, अंगणवाडीताईंकडे. दुसऱ्यानं ऐकलं नाही तर तिसऱ्याकडे. आणि १०९८ हा नंबर पाठ करून ठेव. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली ही मुलांची मदतवाहिनी आता देशभर चालते. पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्रीही फोन लागतो, मित्रासाठी मित्रालाही करता येतो. मार असो, नकोसा स्पर्श असो, की कुणाला सांगू नको म्हणून घातलेली भीती, हे सगळं तिथे सांगता येतं. अशा स्पर्शाविरुद्ध तर २०१२ पासून मुलांसाठी खास कायदाच आहे. दोष मुलाचा धरला जात नाही. तो नसतोच.

त्याला धास्ती असेल, की चुलत्याकडून काढलं तर आपण राहायचं कुठे? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी मराठवाड्यात हंगामी वसतिगृहं चालवतात. तुमच्या भागात आहे का, ते बाईंना नक्की विचार. जिल्ह्याला बालकल्याण समितीही असते, मुलानं कुठे सुरक्षित राहायचं ते ती पाहते.

पुढचं पत्र लवकर टाक. भावाचा ओठ बरा झाला का, तेही लिही.

तुमची,
ताई