बिल्टी मोजता, मग बाइट का नाही?

बऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या धूलकोटहून मामांचा फोन आला, "अरे, यादीत गावाचं नाव नुसतं ‘धू’ दिसतंय. बाकीचं कुठं गेलं?" केळीच्या गाड्यांच्या नोंदीसाठी मी त्यांना छोटा प्रोग्राम करून दिला होता. मोबाइलवर नाव पूर्ण टाइप व्हायचं, सर्व्हरवर मात्र तुटून पोचायचं. रोमन लिपीत लिहिलं, की शाबूत.

एचटीटीपीने मजकूर पाठवताना ‘कंटेंट-लेंग्थ’ या हेडरमध्ये त्याची लांबी आधी सांगतात. ती बाइटमध्ये सांगायची असते. मी वापरलेली लायब्ररी चिन्हं मोजत होती. ‘धूलकोट’मध्ये संगणकाच्या लेखी ध, दीर्घ ऊकार, ल, क, ओकार आणि ट अशी ६ चिन्हं. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, म्हणजे एकूण १८. हेडरने ६ सांगितले, सर्व्हरने ६ घेतले, हाती आला ‘धू’. उरलेले १२ बाइट त्याच कनेक्शनवर राहिले आणि सर्व्हरने ते पुढच्या निरोपाची सुरुवात समजून वाचले. त्यामुळे पुढच्या गाडीची नोंदही गेली.

मामांना हे लगेच पटलं. बिल्टीवर लिहिलेले नग उतरवून मोजल्याशिवाय ते सही करत नाहीत. लायब्ररीनेही तसंच वागायला हवं. पाठवताना खरे बाइट मोजावेत आणि घेताना कमी भरले, तर माल अपुरा असल्याचं स्पष्ट सांगावं. २०२२ च्या आरएफसी ९११२ या प्रमाणकाचाही हाच नियम आहे: सांगितलेले बाइट येण्याआधी कनेक्शन तुटलं, तर निरोप अपूर्णच धरायचा. तरी पायथनच्या ‘यूआरएललिब३’ या प्रचलित लायब्ररीत ही तपासणी मुळातच चालू असणं २०२३ च्या २.० आवृत्तीपासून आलं. तोवर सांगितल्याशिवाय ती होत नसे आणि अर्धवट आलेली फाइल पूर्ण म्हणून खपून जाई.

रोमन लिपीतल्या साध्या मजकुरात एक अक्षर म्हणजे एक बाइट, त्यामुळे तिथे चुकीची मोजणीही बरोबर येते. चूक उघडी पडते ती मराठी, हिंदी, तमिळ लिहिणाऱ्यांच्या नोंदीत. सातबारा असो की दवाखान्याचा केसपेपर, अर्धं नाव म्हणजे चुकीचं नाव.

प्रोग्राम लिहिणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे: चाचणीत आपल्या गावाचं नाव देवनागरीत घाला, आणि ते पलीकडे पूर्ण पोचल्याशिवाय काम झालं असं म्हणू नका.