खड्डा नव्हे, दगड बघा

जून 2020मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं आणि तो फोटो घरोघरच्या फोनवर पोचला. पुण्याच्या आघारकर संस्थेने कारण शोधलं: खाऱ्या पाण्यात वाढणारे हॅलोआर्किया नावाचे सूक्ष्मजीव. फोटो सगळ्यांच्या लक्षात राहिला, कारण कुणाच्याच नाही. माझं भांडण या सवयीशी आहे.

1.8 किलोमीटर रुंद खड्डा दिसला म्हणून तो उल्केनेच पडला, असं सिद्ध होत नाही. भोवती सगळा लाव्हाचाच दगड, त्यामुळे लोणारला कितीतरी वर्षं ज्वालामुखी समजत. 1973मध्ये फ्रेडरिक्सन आणि सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये भक्कम पुरावा मांडला. दगडातलं फेल्डस्पार आघाताच्या दाबाने काचेसारखं झालं होतं. त्याला मास्केलिनाइट म्हणतात. एवढा दाब ज्वालामुखीला जमत नाही. साक्ष खड्ड्याने नाही, कणाने दिली.

खड्डे तर बुजतातच. दक्षिण आफ्रिकेत बार्बर्टनला 326 कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड आघाताची खूण आहे, पण खड्डा नाही. उरलेत वाळूएवढे गोल दाणे, दगडाची वाफ थिजून पडलेले. त्यांवरून आदळलेल्या उल्केचा अंदाज निघतो: 37 ते 58 किलोमीटर!

यावर ठरलेला टोमणा येतो: “लोणारचं वय कुणी 52 हजार सांगतं, कुणी 5.7 लाख. शास्त्रज्ञांनाच माहीत नाही, मग पुराणच खरं!” अहो, हे दोन्ही आकडे मोजून आलेत, वेगवेगळ्या पद्धतींनी, आणि कुणीही पुन्हा मोजू शकतं. लोणासुराची गोष्ट मलाही आवडते. पण गोष्ट पुन्हा मोजता येत नाही.

आता आमचं संगमनेर. पायाखाली सुमारे 6.6 कोटी वर्षांचा दख्खनचा लाव्हा. त्याच सुमारास मेक्सिकोत चिक्शुलुबची उल्का आदळली आणि डायनोसॉर संपले. त्यात लाव्हाचा वाटा किती, यावर जग अजून भांडतंय. लाव्हा ज्या भेगांतून वर चढला, त्या भेगांत थिजलेल्या काळ्या भिंती, म्हणजे डाइक, आमच्या तालुक्यात आहेत. त्यांच्यावर शोधनिबंध निघालेत. आम्ही मात्र दगड दिसला की एवढंच विचारतो: खडी किती ब्रास निघेल?

खडी लागते, रस्ते मलाही हवेत. पण सुरुंग लावण्याआधी एकदा भूगर्भशास्त्रज्ञाला दाखवा, आणि तालुक्यातला एक तरी डाइक फलक लावून राखून ठेवा. पुराण पुन्हा छापता येतं. फोडलेला दगड नाही.