मजकुराहून पत्ता जड

तारसेवा 2013 च्या जुलैत बंद झाली. परंतु तिची एक युक्ती आजच्या मोबाइलधारकानेही जाणून घ्यावी अशी आहे. शुभेच्छांच्या ठरावीक वाक्यांना तेथे क्रमांक दिलेले असत. तारेवरून नुसता क्रमांक जाई आणि पलीकडच्या तारघरात त्यावरून पूर्ण वाक्य लिहिले जाई. दोन्ही टोकांस जे आधीच ठाऊक आहे, ते पुन्हा धाडावयाचे नाही, एवढेच त्यामागील तत्त्व.

आज चौथ्या पिढीच्या जाळ्यावर आपण बोलतो तेव्हा आवाजाचे दर सेकंदास 50 तुकडे होतात. एका प्रचलित पद्धतीत तुकड्यातील आवाज भरतो सुमारे 32 बाइट; त्याच्या माथ्यावरील पत्ता, क्रम, वेळ आदी नोंदी मात्र 40 बाइटांच्या. पत्त्यांची नवी पद्धत वापरली तर 60! वास्तविक संभाषण संपेपर्यंत पत्ता बदलत नाही, क्रमांक तेवढा एकेकाने वाढतो. तेव्हा एकदा संपूर्ण मथळा पाठवावा आणि पुढे केवळ फरक कळवावा. व्हॅन जेकबसन यांनी 1990 साली मंदगती तारमार्गांसाठी अशी रीत मांडली. बिनतारी मार्गात तुकडे हरवतात, म्हणून 2001 मध्ये तिच्याहून चिवट अशी रीत निघाली. तिच्यामुळे फोन आणि मनोरा यांच्यामधील प्रवासात 40 बाइटांचा मथळा बहुधा एक ते तीन बाइटांवर येतो.

मनोऱ्यापासून दूरच्या वस्तीवर याचे मोल कळते. हातातील फोनची शक्ती बेताची. ओझे हलके झाले तर तेथील शिक्षकाचा तुटणारा आवाज तालुक्याच्या कचेरीत धड ऐकू येतो. चित्रपट पाहणाऱ्यास मात्र यातून फारसे काही मिळणार नाही. तेथे तुकडा 1500 बाइटांपर्यंतचा असतो, त्यात 40 म्हणजे तीन टक्केही नव्हेत. या युक्तीने इंटरनेटचे बिल घटेल असे कोणी सांगू लागल्यास विश्वास ठेवू नये.

लहरींचा पट्टा (वृत्तपत्रे त्यास ‘ध्वनिलहरी’ म्हणतात, ते चूकच) ही राष्ट्राची नैसर्गिक संपत्ती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2 फेब्रुवारी 2012 रोजी 122 परवाने रद्द करताना बजावले होते. मग नवा पट्टा मागणाऱ्या कंपनीस जुन्याचा हिशेब का विचारू नये? मथळ्यांचे हे संक्षेपण आपल्या कोणत्या मनोऱ्यांवर चालू आहे आणि कोणत्या नाही, हे तिने जिल्हावार जाहीर करावे. दूरसंचार नियामकाने लिलावापूर्वी ही यादी मागवावी.