शिक्रा हा पक्ष्यांचा वैरी नव्हे

ज्याला पक्षी प्रिय आहेत त्याने पक्ष्यांना मारून खाणाऱ्या प्राण्यांचा बंदोबस्त केला पाहिजे, ही समजूत पक्षिप्रेमींमध्ये बरीच रुजलेली आहे. दयाळाच्या पिलांवर झडप घालणाऱ्या शिक्र्याला दगड मारून हुसकावणे, बुलबुलाच्या घरट्याभोवती घुटमळणाऱ्या भारद्वाजाला पिटाळणे किंवा फांदीवर चढणाऱ्या धामणीला काठीने खाली पाडणे ही कृत्ये याच समजुतीतून घडतात, आणि ती करणाऱ्याच्या मनात करुणाच असते यात शंका नाही. तथापि करुणा खरी असली म्हणजे तिच्यावर उभारलेला निष्कर्षही खरा ठरतो असे नाही. नैसर्गिक भक्षक, म्हणजे एखाद्या प्रदेशातील पक्ष्यांबरोबर युगानुयुगे नांदत आलेला शिकारी प्राणी, हा त्या पक्ष्यांच्या ऱ्हासाचे कारण नसून त्यांच्या अधिवासाच्या आरोग्याची खूण आहे, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशी मांडला, तर त्यात तीन मुद्दे दिसतात. पहिला, भक्षकाने मारलेला प्रत्येक पक्षी एकूण संख्येतून वजा होतो. दुसरा, ज्या देशांत शिकारी पक्षी वाढले तेथे लहान गाणारे पक्षी घटल्याचे दिसले. तिसरा, माणसाने पक्ष्यांचे आधीच इतके नुकसान केले आहे की उरलेल्यांवरील संकटे कमी करणे हे त्याचे कर्तव्यच ठरते.

पहिल्या मुद्द्यातील वजाबाकी सोपी आहे, पण निसर्गाचा हिशेब तसा चालत नाही. लहान पक्ष्यांची एक जोडी एका विणीत चार, सहा, कधी आठ-दहा पिले वाढवते, आणि ती सगळी जगली असती तर काही वर्षांतच त्यांना पुरेल इतके अन्न व निवारा कोणत्याही रानात उरला नसता. बहुसंख्य पिले भूक, थंडी, रोग किंवा भक्षक यांपैकी कशाने तरी पहिल्या वर्षातच दगावतात, आणि एका कारणाने मृत्यू घटले की दुसऱ्या कारणाने ते बरेचसे भरून निघतात. याला भरपाई मृत्यू असे म्हणता येईल. क्लायव्हर या डच पक्षिशास्त्रज्ञाने व्लीलांट बेटावर ग्रेट टिट या पक्ष्याची अंडी व पिले मोठ्या प्रमाणात काढून घेतली, तेव्हा उरलेल्या पक्ष्यांचे जगण्याचे प्रमाण वाढले आणि बेटावरील संख्या टिकून राहिली. पक्ष्यांची संख्या किती राहील हे पुष्कळदा भक्षकाची भूक ठरवत नाही; रानाची पोसण्याची ताकद ते ठरवते, हे या प्रयोगाने दाखवून दिले.

दुसऱ्या मुद्द्याचे मुख्य उदाहरण ब्रिटनमधील आहे, म्हणून त्याची तपासणी तेथेच केली पाहिजे. आपल्या शिक्र्याचा जवळचा नातलग असलेला स्पॅरोहॉक १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ब्रिटनच्या मोठ्या भागातून जवळजवळ नाहीसा झाला. आल्ड्रिन आणि डिल्ड्रिन ही कीटकनाशके पेरणीच्या बियाण्यातून दाणे खाणाऱ्या पक्ष्यांत आणि त्यांच्यामार्फत शिकारी पक्ष्यांत पोहोचली होती, तर शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांचे कवच पातळ होत असल्याचे पक्षिशास्त्रज्ञ डेरेक रॅटक्लिफ यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले आणि त्यामागे डीडीटी असल्याचे पुढे स्पष्ट झाले. ही विषे आवरल्यानंतर स्पॅरोहॉक परतला आणि नेमक्या त्याच काळात शेतशिवारातील गाणारे पक्षी घटू लागले, तेव्हा अनेक पक्षिप्रेमींनी त्यालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. परंतु सरे परगण्यातील बुकहॅम कॉमन येथील ओकच्या रानात १९४९ ते १९७९ या काळात झालेल्या गणनांचा पक्षिशास्त्रज्ञ इयान न्यूटन व सहकाऱ्यांनी अभ्यास केला, तेव्हा स्पॅरोहॉक नसलेल्या वर्षांत गाणारे पक्षी वाढल्याचे किंवा तो परतल्यावर ते घटल्याचे आढळले नाही. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी विश्लेषणातही स्पॅरोहॉक व घरटी लुटणारा मॅगपाय यांचा प्रसार आणि गाणाऱ्या पक्ष्यांची घट यांत मेळ बसला नाही. घटीची भक्कम कारणे शेतीत सापडली: कुंपणाची झुडपे तोडली गेली, पेरणी वसंताऐवजी शरदात होऊ लागल्याने हिवाळ्यात दाणे टिपण्यासाठी कापणीनंतरची धसकटे उरली नाहीत, आणि तणांबरोबर किडेही संपले. प्रामाणिकपणासाठी नोंदवले पाहिजे की चिमण्यांच्या बाबतीत २०१० मधील एका अभ्यासाने स्पॅरोहॉकला जबाबदार धरले होते. पण एका जातीबाबतचा वादग्रस्त निष्कर्ष सर्व पक्ष्यांना लावता येत नाही.

तिसरा मुद्दा अधिक गंभीर आहे, कारण त्यात सत्याचा अंश आहे. ज्या बेटांवर सस्तन शिकारी कधीच नव्हते तेथे माणसाने नेलेल्या मांजरांनी आणि उंदरांनी पक्ष्यांच्या जातीच्या जाती संपवल्या. ग्वाम बेटावर बाहेरून आलेल्या एका सापाने तेथील बहुतेक मूळ वनपक्षी नष्ट केले. अमेरिकेत मांजरे दरवर्षी अब्जाहून अधिक पक्षी मारतात, असा २०१३ मधील एका अभ्यासाचा अंदाज आहे. माळढोकासारखा पक्षी एका विणीला बहुधा एकच अंडे घालतो आणि आज अगदी मोजक्या संख्येने उरला आहे, त्यामुळे त्याचे प्रत्येक अंडे कुत्र्यांसारख्या शत्रूंपासून जपावेच लागते. परंतु मांजर आणि गावकुत्रा हे माणसाच्या आश्रयाने वाढलेले शिकारी आहेत. भक्ष्य कमी झाले तरी त्यांची संख्या घटत नाही, कारण त्यांना माणूस किंवा त्याचा उकिरडा पोसतो. शिक्र्याला असा आधार नाही, आणि भक्ष्य विरळ झाले की त्याचीही वीण खुंटते. म्हणून कर्तव्याचा मुद्दा मान्य केला तरी त्याचा रोख माळरानावरच्या भटक्या कुत्र्यांकडे, माळढोकाला मारणाऱ्या वीजतारांकडे आणि स्वतः माणसाकडे वळतो. घरट्याचे छायाचित्र टिपण्यासाठी आडवी येणारी पाने छाटणारा हौशी निरीक्षक पिलांना उन्हाच्या आणि कावळ्याच्या हवाली करतो, आणि मग दोष मात्र कावळ्याला दिला जातो.

खंडनानंतर मंडनाकडे वळले पाहिजे. पक्षिनिरीक्षकाला मोहवणारे पुष्कळ काही भक्षकाच्या धाकानेच घडले आहे. सलीम अली यांनी अलिबागजवळच्या किहीमला १९३० मध्ये ज्या सुगरणीचा अभ्यास केला, तिचे काटेरी किंवा पाण्यावर झुकलेल्या फांदीला टांगलेले, लांब नळीच्या प्रवेशद्वाराचे घरटे हे शत्रूला दिलेले उत्तर आहे. टिटवीच्या अंड्यांचा मातीत मिसळणारा रंग, पंख मोडल्याचे सोंग करून शत्रूला दूर नेण्याची तिची हातोटी आणि कोतवालाची आक्रमकता या सर्वांच्या मागे तोच धाक आहे. ससाणा दिसताच अनेक लहान पक्षी जी बारीक, उंच पट्टीची शिट्टी घालतात, तिचा उगम शोधणे शत्रूला कठीण जाते, हे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक पीटर मार्लर यांनी १९५० च्या दशकात उलगडले. भक्षकाला वगळून या गुणांवर प्रेम करणे म्हणजे फळ हवे पण झाड नको असे म्हणणे होय.

शिवाय शिकारी आणि मृतभक्षक पक्षी अन्नसाखळीच्या वरच्या टोकाला असल्याने विषाचा पहिला आघात त्यांच्यावरच होतो. डीडीटीचा धोका जसा ससाण्यांनी उघड केला, तसा गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या औषधाचा धोका भारतात गिधाडांच्या मृत्यूने उघड केला आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२३ च्या अहवालातही मोठ्या घटीच्या गटांत शिकारी पक्ष्यांचा समावेश आहे. म्हणजे ज्याला आरोपी समजले जाते तोच येथे पीडित आहे.

म्हणून पक्षिप्रेमाची कसोटी झडपेच्या क्षणी दगड उचलण्यात नाही. ओसाड म्हणून विकली जाणारी माळराने राखणे, बांधावरची बोरी-करवंदीची जाळी टिकवणे, शेतातील विष कमी करणे, पाळीव मांजर विणीच्या काळात घरात ठेवणे आणि घरट्यापासून दूर राहणे ही कामे कमी दिसणारी असली, तरी त्यांनी वाचणाऱ्या पक्ष्यांची संख्या एखाद्या शिक्र्याला हुसकावून वाचवलेल्या पिलांहून कितीतरी मोठी असते. ज्या शिवारात शिक्र्याची जोडी दरवर्षी पिले वाढवू शकते, तेथे तिला पोसण्याइतके पक्षी, सरडे आणि किडे आहेत हे आपोआप सिद्ध होते. त्यामुळे पक्षिनिरीक्षकाने शिक्र्याची नोंद त्या शिवाराच्या जमेच्या बाजूला करावी, हेच शास्त्राला आणि प्रेमालाही धरून आहे.