आयएसटी म्हणे, पण कुठली?

मंडळी, आजचा विषय जरा कोरडा आहे. पण पाच मिनिटं द्या, तुमच्या सर्व्हरशी त्याचा थेट संबंध आहे.

लिनक्सवर प्रोग्रामला टाइम झोन सांगायचा तर टीझेड नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करतात. त्याचा अर्थ लावायचं काम सी लायब्ररीचं, म्हणजे बहुतेक ठिकाणी जीलिबसीचं. आता तिथे कोणी नुसतं 'आयएसटी' लिहिलं तर? भारतीय वेळ मिळेल असं वाटतं ना? मिळते यूटीसी, साडेपाच तास मागची. वर लेबल मात्र 'आयएसटी'! त्या नावाची झोन फाइल नसते, म्हणून लायब्ररी ते नुसतं लेबल समजते आणि फरक शून्य धरते. ना एरर, ना वॉर्निंग.

१ एप्रिलच्या पहाटे ३ वाजताचा व्यवहार मग ३१ मार्चच्या रात्री ९:३०चा म्हणून नोंदला जातो. आर्थिक वर्षच बदललं की हो! आणि शेजारी 'आयएसटी' छापलेलं, शंका कोणाला येणार?

'आयएसटी-५:३०' लिहिलं तर चालतं. उणे का, तर पॉझिक्सच्या नियमात ग्रिनिचच्या पश्चिमेला अधिक आणि पूर्वेला उणे. भोळेपणाने 'आयएसटी+५:३०' लिहिलंत तर थेट ११ तासांचा घोळ. मिनिटांच्या जागी ७५ लिहिलं तर जीलिबसी गुपचूप ५९ धरते.

'सुरक्षित पार्सिंग' म्हटलं की आपल्याला आधी बफर ओव्हरफ्लो आठवतो. तो धोका खराच आहे. झोन फाइल वाचणाऱ्या जीलिबसीच्या कोडमध्ये इंटिजर ओव्हरफ्लो होता (सीव्हीई-२००९-५०२९). मुद्दाम बिघडवलेली फाइल देऊन प्रोग्राम पाडता यायचा. २.१५ आवृत्तीत तो दुरुस्त झाला. टीझेडमध्ये फाइलचा पाथही देता येतो, म्हणून सुडोसुद्धा २०१५ च्या १.८.१२ आवृत्तीपासून ही किंमत तपासूनच पुढे पाठवतं.

पण माझ्या मते हे अर्धंच काम झालं. क्रॅश निदान दिसतो, चुकीची वेळ दिसत नाही. मूळ दुखणं टीझेडसेट() या फंक्शनच्या घडणीत आहे. ते व्हॉइड परत करतं, म्हणजे चूक सांगायला त्याला तोंडच नाही.

यावर नेहमीचं उत्तर येतं, "बदललं तर जुने प्रोग्राम मोडतील." मान्य. लायब्ररीने मध्येच स्क्रीनवर बडबड करू नये, हेही मान्य. मग जुनं राहू द्या आणि शेजारी नवं द्या. नेटबीएसडीमध्ये टीझेडअलॉक() आहेच. झोनचा अर्थ लागला नाही तर ते सरळ नल परत करतं. पुढे काय करायचं ते प्रोग्राम लिहिणारा ठरवेल. अंदाजपंचे वेळ सांगण्यापेक्षा हे कधीही बरं.

तोवर आपण काय करायचं? एक, 'एशिया/कोलकाता' असं पूर्ण नाव लिहायचं. दोन, त्यावरही विसंबायचं नाही. अल्पाइनच्या मूळ कंटेनर इमेजमध्ये झोन फाइली नसतात, तिथे बरोबर नाव देऊनही यूटीसीच मिळते. म्हणून सर्व्हिस भारतीय वेळेवर चालवायची असेल तर सुरू होतानाच यूटीसीपासूनचा फरक १९,८०० सेकंद आहे का ते तपासा. नसेल तर सर्व्हिस सुरूच होऊ देऊ नका.

असो. सोमवारी ऑफिसात गेलात की चहाच्या आधी तेवढं टीझेड बघा.